मजबूत मजलाही का थरथरतो?

संध्याकाळी कार्यालयातली बहुतेक माणसे निघून गेलेली असतात. टेबलांच्या दोन रांगांमधल्या मोकळ्या वाटेने कुणीतरी आपल्या नेहमीच्या चालीने जात असते आणि तिथून सात-आठ मीटरवर बसलेल्या व्यक्तीला खुर्चीतून एक बारीक, लयबद्ध थरथर जाणवते. पुढ्यातल्या ग्लासातल्या पाण्यावर तरंग उठतात, टेबलाच्या कडेला दांडीवर बसवलेला संगणकाचा पडदा किंचित डोलतो. चालणारा थांबला की दोन-तीन सेकंदांत सगळे शांत होते. चालणाऱ्याला मात्र यातले काहीच कळलेले नसते.

बसलेल्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो इमारत सुरक्षित आहे ना, हाच. ही भीती स्वाभाविक आहे, पण बहुतेक वेळा ती निराधार असते. मजला सेकंदाला पाच वेळा खाली-वर होत असेल आणि ती थरथर कार्यालयात बसणाऱ्यांना त्रासदायक वाटण्याच्या उंबरठ्यावर असेल, तर तेव्हा मजल्याची प्रत्यक्ष हालचाल मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे बारीक केसाच्या जाडीइतकी असते. याच मजल्यातला बीम, म्हणजे त्याला खालून पेलणारी आडवी तुळई, माणसे आणि सामान यांच्या पूर्ण भाराखाली याच्या शेकडो पट वाकला तरी त्याला धोका नसतो. तरीही तक्रार खोटी नसते. मजल्याची ताकद आणि मजल्याची थरथर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर काढताना जी सावधगिरी उपयोगी पडते तीच दुसऱ्याच्या बाबतीत फसवते. हा सगळा लेख खरे तर या उलटसुलट नात्याविषयी आहे.

आधी हा मजला बनतो कसा ते पाहू. पोलादी खांबांच्या रांगांमध्ये जाड गर्डर असतात, गर्डरांच्या मध्ये ठरावीक अंतरावर तुलनेने हलके बीम असतात, बीमवर पन्हळी पोलादी पत्रा अंथरला जातो आणि त्या पत्र्यावर काँक्रीट ओतले जाते. बीमच्या माथ्यावर पत्र्यातून आरपार वेल्ड केलेले खिळ्यासारखे स्टड काँक्रीटमध्ये रुतून बसतात, त्यामुळे वरचा स्लॅब आणि खालचा बीम एकमेकांवरून घसरू शकत नाहीत आणि दोघे मिळून एकच खोल बीम असल्याप्रमाणे वागतात. ही रचना अतिशय काटकसरी आहे. कमी पोलादात आणि कमी काँक्रीटमध्ये दहा-बारा मीटरचे मोकळे गाळे, म्हणजे खांबांमधली अंतरे, मिळतात, आणि मध्ये खांब नसलेली जागा सगळ्यांनाच हवी असते.

या काटकसरीतच अडचणीचे मूळ आहे. पोलादाची ताकद गेल्या काही दशकांत वाढत गेली, म्हणून तेवढाच भार आता बारीक बीमवर पेलता येतो. परंतु पोलाद किती ताणले असता किती लांबते हे ठरवणारा त्याचा स्थितिस्थापकतेचा गुणांक ताकदीबरोबर वाढत नाही. साधे पोलाद असो वा उच्च बळाचे, तो सुमारे २०० गिगापास्कलच राहतो. बीम बारीक झाला की ताकद पुरेशी राहूनही ताठपणा कमी होतो. काँक्रीट पातळ झाले, हलके झाले, तर चालणाऱ्याच्या पावलांना हलवण्यासाठी समोर वजनही कमी उरते. पूर्वीच्या जड, आखूड गाळ्यांच्या आणि विटांच्या भिंतींनी भरलेल्या इमारतींत हा प्रश्न क्वचित उद्भवत असे.

आता पावलांकडे येऊ. माणूस सहज चालीने सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, म्हणजे त्याची वारंवारता सुमारे २ हर्ट्झ असते. सावकाश चालणारा १.६ आणि घाईत असलेला २.२ च्या आसपास. पण पाऊल जमिनीवर पडताना बल एकसारखे वाढून एकसारखे उतरत नाही. टाच टेकते, वजन पुढे सरते, बोटे जमीन मागे ढकलतात. या वेड्यावाकड्या ठोक्यात मूळ लयीच्या दुप्पट, तिप्पट आणि चौपट वारंवारतेचे लहान ठोकेही दडलेले असतात, जसे एकाच तारेतून मूळ स्वराबरोबर वरचे सूक्ष्म स्वर उमटतात. अभियंते हिशेबासाठी मूळ ठोक्याचे बल चालणाऱ्याच्या वजनाच्या निम्मे, दुसऱ्याचे पाचवा हिस्सा, तिसऱ्याचे दहावा आणि चौथ्याचे विसावा हिस्सा धरतात.

वजनाचा दहावा हिस्सा म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे जेमतेम सात किलो. एवढ्याशा बलाने कित्येक टन वजनाचा मजला हलावा हे खरे वाटत नाही. पण प्रत्येक मजल्याला स्वतःची अशी एक लय असते. एकदा दचका देऊन सोडून दिले की तो ज्या वेगाने खाली-वर होतो ती त्याची नैसर्गिक वारंवारता. समजा ती ५.४ हर्ट्झ आहे. कुणी सेकंदाला १.८ पावले या चालीने निघाला, की त्याच्या ठोक्यांतला तिसरा घटक नेमका ५.४ वर येतो आणि प्रत्येक छोटा धक्का मजल्याच्या हालचालीत योग्य क्षणी भर घालत राहतो. झोपाळा अचूक वेळी बोटाने ढकलत राहिले तर तो उंच जातो, त्यातलाच हा प्रकार. याला अनुनाद म्हणतात. भर कितपत पडेल हे मजला किती ऊर्जा जिरवतो यावर ठरते. जिरवण्याच्या या क्षमतेला अवमंदन म्हणतात आणि ते टक्क्यांत मोजतात. अवमंदन ५ टक्के असेल तर त्या बलाचा परिणाम जास्तीत जास्त दहा पट होतो, २ टक्के असेल तर पंचवीस पट. सात किलोंचे बल असे मोठे होते.

मजल्याची नैसर्गिक वारंवारता काढण्याची एक सोपी रीत आहे, आणि ती मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. मजल्यावर रोज प्रत्यक्ष असणाऱ्या वजनाखाली तो मधोमध किती मिलिमीटर खाली वाकेल ते काढा, त्या आकड्याचे वर्गमूळ घ्या आणि १८ ला त्याने भागा. बाक ९ मिलिमीटर असेल तर वारंवारता ६ हर्ट्झ, बाक ३६ मिलिमीटर असेल तर ३ हर्ट्झ. वजन आणि ताठपणा या दोन्हींचा हिशेब एकट्या बाकातच येऊन जातो. मात्र हा बाक फक्त बीमचा धरून चालत नाही. बीम गर्डरवर टेकलेला असतो आणि गर्डर स्वतःही वाकतो. बीम ८ मिलिमीटर आणि गर्डर ५ मिलिमीटर वाकत असेल, तर हिशेब १३ मिलिमीटरचा करावा लागतो आणि वारंवारता ५ हर्ट्झ येते. एकट्या बीमकडे पाहणाऱ्याला ती सहाच्या वर दिसली असती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कारखान्यात बीमला आधीच वरच्या बाजूला किंचित कमान देऊन आणतात, म्हणजे काँक्रीट पडल्यावर तो सपाट दिसतो. तेव्हा बाक तर नाहीसाच झाला, मग वारंवारता वाढली असेल, असे वाटू शकते. तसे होत नाही. कमानीने बाक डोळ्यांना दिसेनासा होतो, पण बीम तेवढाच लवचिक राहतो आणि तेवढ्याच लयीत डोलतो.

वजन, ताठपणा आणि अवमंदन या तिघांचा मेळ कसा बसतो ते एका उदाहरणात पाहू. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शन या संस्थेने १९९७ मध्ये मजल्यांच्या कंपनावर एक मार्गदर्शिका काढली आणि २०१६ मध्ये ती सुधारून पुन्हा प्रसिद्ध केली. तिच्यातल्या रीतीनुसार चालण्याच्या बलासाठी ०.२९ किलोन्यूटन हा आकडा घेतात (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे शंभर किलोंचे वजन) आणि मजल्याची वारंवारता जितकी जास्त तितके ते बल घटवत नेतात, कारण वरच्या वारंवारतेशी जुळणारे ठोके दुबळे असतात. ५ हर्ट्झला ते सुमारे ०.०५ किलोन्यूटन उरते. या बलाला अवमंदन आणि मजल्याचे एकत्र हलणारे वजन यांच्या गुणाकाराने भागले की मजल्याचे त्वरण मिळते, तेही गुरुत्वत्वरणाच्या प्रमाणात. धक्का लागल्यावर १२ मीटर लांब आणि साडेनऊ मीटर रुंद एवढा भाग एकत्र हलतो आणि त्याचे वजन दर चौरस मीटरला साडेतीन किलोन्यूटन आहे, असे धरले तर एकूण वजन सुमारे ४०० किलोन्यूटन होते. अवमंदन ३ टक्के असेल तर त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.४२ टक्के येते. कार्यालयांसाठी ०.५ टक्के ही मर्यादा मानली जाते, म्हणजे मजला उत्तीर्ण झाला. त्याच मजल्याचे अवमंदन २ टक्क्यांवर आले, तर त्वरण ०.६३ टक्के होते आणि तक्रारी सुरू होतात.

एक टक्का अवमंदन जाते कुठे? स्लॅब, बीम आणि त्यांचे जोड एवढ्यांतून मिळणारे अवमंदन जेमतेम १ टक्का असते. बाकीचे सारे इमारतीत नंतर येणाऱ्या गोष्टी देतात: छताला टांगलेले फॉल्स सीलिंग, वातानुकूलनाचे नळ, पार्टिशन, कपाटे, त्यांतल्या कागदांच्या चळती आणि स्वतः माणसे. हे सगळे एकमेकांवर घासते, किंचित सरकते आणि त्या घर्षणात कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. जमिनीपासून छतापर्यंत पोचणारी पार्टिशन भरपूर असली तर अवमंदन ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. वर्षानुवर्षे शांत असलेल्या मजल्यावर नूतनीकरणानंतर अचानक थरथर जाणवू लागते याचे कारण बहुधा हेच असते. भिंती काढून सगळा मजला मोकळा केला जातो, फायलींची कपाटे जातात, टेबलावर उरतो तो एक पातळ संगणक. ज्यांना कुणी कंपनरोधक म्हणून बसवले नव्हते त्याच वस्तू इतके दिवस ते काम निमूटपणे करत होत्या.

सावधगिरीची दिशा उलटी होते ती इथेच. मजल्याची ताकद तपासताना अभियंता भार जास्त धरतो, कारण जास्त भार पेलणारा मजला कमी भारही पेलेलच. कंपनाच्या हिशेबात तोच जास्तीचा भार धरला तर कागदावर मजला जड दिसतो, जड मजला पावलांना दाद देत नाही आणि निकाल प्रत्यक्षाहून चांगला येतो. म्हणून इथे खरोखर रोज असणारे वजनच घ्यावे लागते. कागदी कामकाजाच्या कार्यालयात माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे अर्धा किलोन्यूटन आणि कागद नसलेल्या कार्यालयात त्याहूनही कमी. ताकदीच्या हिशेबात याच्या कित्येक पट भार धरलेला असतो. याउलट ताठपणा मात्र हात आखडून धरायचा नसतो. हालचाल इतकी सूक्ष्म असते की काँक्रीट आणि पोलाद एकमेकांवरून सरकत नाहीत, म्हणून स्टड अपुरे असले तरी दोन्ही मिळून एकच बीम आहे असे धरता येते. शिवाय जलद, क्षणिक भाराखाली काँक्रीट नेहमीपेक्षा ताठ वागते, म्हणून त्याचा गुणांक सुमारे ३५ टक्के वाढवून घेतात. एकाच मजल्याचे दोन हिशेब असे वेगवेगळ्या गृहीतांवर उभे असतात, आणि ज्याने फक्त पहिला केला त्याने मजला तपासला असे म्हणता येणार नाही.

मग नुसते वजन वाढवून भागेल का? वरच्याच मजल्यावर, २ टक्के अवमंदन धरून, वजन २६ टक्क्यांनी वाढवून पाहू. वजन वाढल्याने बाकही वाढतो, वारंवारता ५ वरून ४.४५ हर्ट्झवर उतरते, तिथे पावलांचे बल अधिक असते, आणि त्वरण ०.६३ वरून फार तर ०.६१ टक्क्यांवर येते. कष्ट वाया गेले. याउलट वजन तेवढेच ठेवून बीम आणि गर्डर खोल केले आणि बाक १३ वरून ९ मिलिमीटरवर आणला, तर वारंवारता ६ हर्ट्झ होते आणि त्वरण ०.४४ टक्के. स्लॅब जाड केल्याचा फायदा होतो तो वजनाबरोबर बीमची एकूण खोलीही वाढते म्हणून. खोलीचे हे महत्त्व जुनेच आहे. इंग्लंडमध्ये थॉमस ट्रेडगोल्ड या अभियंत्याने १८२८ मध्येच लिहून ठेवले होते की गर्डर जितके खोल करता येतील तितके करावेत, नाहीतर खोलीतले सगळे हलवल्याशिवाय मजल्यावर वावरता येणार नाही. तेव्हाचे गर्डर लाकडी होते; सल्ला पोलादालाही तसाच लागू पडतो.

त्रासाची मर्यादा ठरवणे हे या विषयातले नाजूक काम आहे, कारण इथे मोजमापाचे साधन म्हणजे माणूस. बसलेल्या किंवा उभ्या माणसाचे शरीर ४ ते ८ हर्ट्झच्या उभ्या कंपनाला सर्वाधिक संवेदनशील असते, आणि दुर्दैवाने लांब गाळ्यांच्या मजल्यांची वारंवारताही बहुधा याच पट्ट्यात येते. शिवाय तेच कंपन वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे वाटते. लक्ष देऊन काम करणाऱ्याला किंवा रात्री अंथरुणावर पडलेल्याला जे खटकते, ते दुकानांच्या गर्दीतून स्वतःच चालणाऱ्याला कळतही नाही. म्हणून घरे आणि कार्यालये यांना गुरुत्वत्वरणाच्या ०.५ टक्के, मोठ्या बाजारसंकुलांना १.५ टक्के आणि उघड्यावरच्या पादचारी पुलांना ५ टक्के अशा मर्यादा ठेवलेल्या आहेत.

नाच, उड्या आणि सामूहिक व्यायाम यांचे गणित वेगळे आहे. तिथे अनेक माणसे एकाच ठेक्यावर एकाच वेळी जमिनीवर आदळतात, त्यामुळे बल चालण्याच्या कित्येक पट होते. ५ जुलै २०११ रोजी दक्षिण कोरियातल्या सोल शहरात टेक्नोमार्ट ही ३९ मजली इमारत सुमारे दहा मिनिटे हलत राहिली आणि लोकांना बाहेर काढावे लागले. भूकंप झालेला नव्हता. तपासात असे निष्पन्न झाले की बाराव्या मजल्यावरच्या व्यायामशाळेत सुमारे वीस जण संगीताच्या तालावर जोमाने व्यायाम करत होते आणि त्यांचा ताल इमारतीच्या उभ्या दिशेच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळला होता. व्यायामशाळा शक्यतो तळमजल्यावर ठेवावी, आणि वर ठेवणे भागच असेल तर तो मजला चालण्यासाठी नव्हे, उड्या मारण्यासाठी आखावा. त्याची वारंवारता उड्यांच्या तिसऱ्या घटकाच्याही वर, म्हणजे ९-१० हर्ट्झपलीकडे न्यावी लागते.

अतिसूक्ष्म काम करणाऱ्या यंत्रांसाठी तर माणसाची जाणीव हा निकषच अपुरा पडतो. शस्त्रक्रियागृहाच्या मजल्याचा कंपनवेग सेकंदाला सुमारे १०० मायक्रोमीटरच्या आत ठेवतात. अधिक शक्तीच्या सूक्ष्मदर्शकांसाठी ही मर्यादा कितीतरी खाली येते. असे यंत्र गाळ्याच्या मध्यावर न ठेवता खांबाजवळ ठेवणे आणि वर्दळीची वाट दुसऱ्या गाळ्यातून काढणे, एवढ्यानेही बराच फरक पडतो, आणि त्याला खर्च लागत नाही. नकाशा आखताना विचार मात्र करावा लागतो.

मजला बांधून झाल्यावर तक्रार आली तर आधी मोजावे. मजल्याच्या मधोमध त्वरणमापक ठेवतात, एक माणूस टाचा पाच-सहा सेंटिमीटर उचलून दोन्ही एकदम खाली आपटतो, आणि नंतरच्या कंपनाच्या आलेखावरून मजल्याची वारंवारता व अवमंदन दोन्ही कळतात. मग त्या वारंवारतेच्या तिसऱ्या हिश्श्याची लय ठरवून, मेट्रोनोमच्या टिकटिकीवर एकाला चालायला लावतात, ५.४ हर्ट्झच्या मजल्यासाठी मिनिटाला १०८ पावले. मजल्याची सर्वांत वाईट वागणूक अशी मुद्दाम ओढून काढता येते.

उपायांची निवड या आकड्यांवर ठरते. अडचण किरकोळ असेल तर चालण्याची वाट आणि टेबले यांची जागा बदलणे किंवा काढलेली पार्टिशन पुन्हा उभारणे पुरते. पार्टिशन वर स्लॅबला किंवा खाली मजल्याला घट्ट टेकलेले असेल तरच ते काम करते, मधेच सोडलेले फारसे काही करत नाही. बीमच्या खाली पट्ट्या वेल्ड करून मिळणारा ताठपणा अपेक्षेपेक्षा कमी भरतो. बीमखाली अंतर सोडून पोलादी सळई ताणून बसवली आणि मधल्या टेकूंनी जोडली, तर रचनेची खोली वाढते आणि गुण येतो, पण छताखालच्या नळांना आणि तारांना वाट शोधावी लागते. खालच्या मजल्यावर नवा खांब देता आला तर प्रश्न जवळपास मिटतो, आणि ज्यांनी मोकळी जागा हवी म्हणून हा मजला घेतला त्यांना नेमके तेच नको असते.

राहिला ट्यून्ड मास डॅम्पर. स्प्रिंगवर टांगलेले एक वजन, सहसा मजल्याच्या हलत्या वजनाच्या एक-दोन टक्के, बीमखाली बसवतात आणि त्याची लय मजल्याच्या लयीशी जुळवून घेतात. मजला खाली जाऊ लागला की ते वजन मागे पडते आणि त्याच्या द्रवी शामकात ऊर्जा जिरते. साधन गुणी आहे, पण ते एकाच वारंवारतेला जुळवलेले असते. पुढे त्या मजल्यावर कपाटे वाढली किंवा भिंती हलल्या की मजल्याची लय सरकते, आणि छतात चढून स्प्रिंग पुन्हा जुळवावी लागते. म्हणून असा डॅम्पर बसवताना त्याच्या खालच्या छतात एक झाकण ठेवायला सांगावे, आणि मजल्याची मोजलेली वारंवारता इमारतीच्या कागदपत्रांत तारखेसह नोंदवून ठेवावी.